फ्रान्सच्या डोंगरांतून, गाड्यांच्या वाटेला न जाता सायकलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेले पुणेकर. फ्रान्सच्या डोंगराळ भागात दोनदा सायकलने हिंडून आलो. पहिल्यांदा दक्षिण बर्गंडीत, दुसऱ्यांदा आर्देशमध्ये. तेव्हापासून ओळखीचे लोक आणि त्यांच्या ओळखीचे लोक फोन करून तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी उत्तर देताना काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढलं. आल्प्सचे मोठे घाट चढणाऱ्यांसाठी हे नाही. ज्यांना डोंगर बघायचेत, दऱ्याखोऱ्यांतून जायचंय, पण मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकायचा नाही आणि गुडघेही सांभाळायचेत, त्यांच्यासाठी आहे.

डोंगराळ भाग, तरी चढ सोपा आणि रस्त्यावर गाड्याही नाहीत. हे जमतं कसं?

रेल्वेमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सने खेडोपाडी रेल्वे नेण्याचा सपाटा लावला होता. १८७९ ची फ्रेसिने योजना त्यातली सर्वांत मोठी. शार्ल द फ्रेसिने हे तेव्हाचे सार्वजनिक बांधकाम मंत्री. लहानसहान तालुक्याच्या गावालाही स्टेशन मिळालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. पुढे मोटारी आणि बस आल्या, या छोट्या मार्गांना उतारू मिळेनात आणि एकेक मार्ग बंद पडला. रूळ उचलले गेले, पण डोंगर फोडून केलेली वाट, दगडी पूल, बोगदे आणि स्टेशनं जागेवरच राहिली. त्याच वाटेवर आता सायकली चालतात.

आगगाडीला चढ सोसत नाही, ही गोष्ट आपल्याला खंडाळ्याच्या घाटामुळे चांगली माहीत आहे. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १, म्हणजे साधारण २.७ टक्के. तेवढ्यासाठीसुद्धा गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात. फ्रान्समधल्या या जुन्या मार्गांचा चढही साधारण तेवढाच, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. इंजिनाला जो चढ जड जायचा तो सायकलवाल्याला हलक्या गिअरमध्ये गप्पा मारत चढता येतो. सिंहगडाच्या रस्त्याचा हिशेब इथे लावू नका. माथेरानला रुळांच्या कडेने ज्यांनी चालून पाहिलंय, त्यांना ही वाट डोंगराला कशी वळसे घालत जाते ते लगेच डोळ्यांसमोर येईल.

‘व्वा व्हेर्त’ आणि ‘व्हेलोरूत’ हे दोन शब्द सगळीकडे दिसतात. फरक काय?

हा फरक नीट समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. व्वा व्हेर्त म्हणजे शब्दशः हिरवी वाट. तिच्यावर मोटारींना बंदी असते. पायी जाणारे, सायकलवाले, स्केटिंग करणारे, चाकाच्या खुर्चीतले लोक आणि बऱ्याच ठिकाणी घोडेस्वार, एवढ्यांनाच परवानगी. २००४ पासून फ्रान्सच्या वाहतूक नियमांत तिची वेगळी व्याख्या आहे. व्हेलोरूत म्हणजे सायकलसाठी पाट्या लावून आखून दिलेला लांब पल्ल्याचा मार्ग. त्यात हिरव्या वाटेचे तुकडे असतात, कालव्याकाठची वाट असते आणि मधेमधे साधे गावरस्तेही असतात. त्या रस्त्यांवर गाड्या कमी असतात, पण असतात.

म्हणजे कुणी ‘आठशे किलोमीटरचा सायकल मार्ग’ म्हटलं की तो सगळा गाड्यांविना असेल असं धरून चालू नका. नकाशावर कुठला तुकडा कसला आहे ते आधी बघा. फ्रान्स व्हेलो तुरिझ्म या संकेतस्थळावर मोठ्या मार्गांच्या नकाशांत दोन्ही प्रकार वेगळे दाखवलेले असतात.

पहिल्यांदाच जातोय. एकच मार्ग सांगा.

दक्षिण बर्गंडी. शालों-स्युर-सोन ते माकों, सुमारे ७० किलोमीटर. यातला जिव्री ते क्लूनी हा ४४ किलोमीटरचा टप्पा १९९७ मध्ये खुला झाला. जुन्या रेल्वेमार्गावरची ही फ्रान्समधली पहिली व्वा व्हेर्त मानली जाते. वाट डांबरी, गुळगुळीत आणि दोन सायकली शेजारी शेजारी जातील एवढी रुंद आहे. मुलांना, वयस्करांना, वर्षानुवर्षं सायकलला हात न लावलेल्यांनाही ती झेपते.

दोन्ही बाजूंना बुटक्या टेकड्या. उन्हाच्या उतारांवर द्राक्षवेली, खाली कुरणांत पांढऱ्याशुभ्र शारोले गाई. जिव्री आणि ब्युसी ही द्राक्षांची गावं. कोर्मातँला सतराव्या शतकातला वाडा आहे, भोवती खंदक आणि बाग. पुढे तेझे, जिथे १९४० मध्ये सुरू झालेल्या ख्रिस्ती बंधूंच्या आश्रमात जगभरातून हजारो तरुण प्रार्थनेला येतात. आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळ होती. पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं टेकडी चढत होती आणि घंटा वाजत होती.

मग क्लूनी. इथला मठ ९१० मध्ये स्थापन झाला. रोमचं आजचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च इथलं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्याचे दगड विकले गेले आणि आता त्याचा थोडासाच भाग उरलाय. चर्चच्या आडव्या भागाच्या उरलेल्या एका बाजूखाली उभं राहून वर बघितलं की मूळ चर्च केवढं असेल याचा अंदाज येतो. क्लूनीला एक मुक्काम ठेवाच. सायकल घेऊन नुसतं पुढे निघून गेलात तर पुढे हळहळ वाटेल.

मधे दीड किलोमीटरचा बोगदा आहे म्हणे. भीती वाटत नाही का?

तो ब्वा क्लेरचा बोगदा, क्लूनी आणि बेर्झे-ल-शातेलच्या मधे. लांबी सुमारे १.६ किलोमीटर. आत दिवे आहेत, वाट सपाट आहे आणि गाडी येण्याचा प्रश्नच नाही. पण थंडी फार. बाहेर जुलैचं ऊन असताना आम्ही अर्ध्या बाह्यांच्या शर्टांत आत शिरलो आणि पन्नास मीटरवर हातांवर काटा आला. छतातून एक थेंब मानेवर पडला तेव्हा माझ्या तोंडून निघालेली ‘अगं बाई’ पुढे किती तरी वेळ घुमत राहिली. जाकीट पिशवीच्या तळाशी ठेवू नका, वरच ठेवा. सायकलचा दिवाही लावा, समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसायला हवं.

हिवाळ्यात हा बोगदा वटवाघळांसाठी बंद ठेवतात. ती तिथे थंडीची झोप घेतात. तेव्हा खिंडीवरून वळसा घालून जावं लागतं आणि तो चढ खऱ्या घाटाचा आहे. बोगद्यातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर बेर्झेचा किल्ला टेकडीवर दिसतो, खाली उतरत आलेल्या द्राक्षमळ्यांसकट. आम्ही थांबलो ते बराच वेळ हललोच नाही.

आम्हाला याहून रानटी, खोल दऱ्यांचा भाग हवाय.

मग आर्देशमधली दोल्चे व्हिआ. माझ्या मते हा या प्रकारातला सर्वांत सुंदर मार्ग, आणि हे मी भारावून नाही तर दोन्हीकडे सायकल चालवून म्हणते. ऱ्होन नदीकाठच्या ला व्हूल्तपासून वाट एरिय नदीच्या खोऱ्यात शिरते, ल शेलार या गावापर्यंत चढत जाते आणि तिथे तिला फाटा फुटतो. एक फाटा वर सँताग्रेव्हच्या पठारावर जातो, दुसरा नोनियेरची खिंड ओलांडून लामास्त्रला उतरतो. सगळं मिळून सुमारे ९० किलोमीटर.

इथे पूर्वी मीटर गेजची रेल्वे होती, ती १९६८ मध्ये बंद झाली. अरुंद रुळांची गाडी असल्यामुळे ती डोंगराच्या कुशीत अगदी आत शिरायची, प्रत्येक ओहोळाला वळसा घालायची. सायकलवरून त्याचा अनुभव असा येतो, की समोर शंभर मीटरवर पुढची वाट दिसत असते आणि तिथे पोचायला आधी अख्खी घळ आतून फिरून यावी लागते. घळीत सावली, दगडी पूल, पाण्याचा आवाज. नाकाडावर आलं की परत ऊन आणि खाली हिरवं पाणी. दिवसभर हेच चालू असतं आणि कंटाळा मात्र येत नाही.

उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या पायऱ्यांची शेतं दिसतात. पूर्वी इथे माणसं राबून गेली हे त्यांवरून कळतं. बऱ्याच पायऱ्यांवर आता रान माजलंय. खालच्या अंगाला फळबागा, वर चेस्टनटची जुनी झाडं. कोकणातल्या दळ्यांची किंवा वेल्हा-मुळशीकडच्या बांधांची ज्यांना सवय आहे, त्यांना हे बांध परके वाटणार नाहीत.

आम्ही हे असं केलं. पहिल्या दिवशी ला व्हूल्तहून ल शेलार, साधारण ५० किलोमीटर, मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी सँताग्रेव्ह, जेमतेम तीस किलोमीटर, पण जवळजवळ सगळा चढ. ला व्हूल्त समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत आहे, सँताग्रेव्ह हजार मीटरच्या वर. तिसऱ्या दिवशी परत खाली. घाईत असाल तर दोन दिवसांत होईल, पण मग इथपर्यंत यायचंच कशाला?

लामास्त्रहून जुन्या रुळांवर अजून एक गाडी धावते, वाफेच्या इंजिनाची पर्यटकांची गाडी. ती दू नदीच्या घळीतून तूर्नोंजवळ उतरते. वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं आणि सायकली घेतील का ते आधी विचारावं लागतं.

आणखी कुठले मार्ग आहेत?

पासापाइस, ओ-लाँगदोकच्या डोंगरांत. बेदारियहून मझामेपर्यंत सुमारे ८० किलोमीटर. दोन्ही टोकांना चालू रेल्वे स्टेशन आहे, म्हणजे एकीकडे गाडीतून उतरायचं आणि दुसरीकडे गाडीत चढायचं. मधे ओलार्ग हे टेकडीवर रचलेलं जुनं गाव, सँ-पाँस, आणि एक बोगदा. या बोगद्यावरच्या धारेचं मला फार कौतुक वाटतं. तिच्या एका अंगाचं पाणी भूमध्य समुद्राला जातं आणि दुसऱ्या अंगाचं अटलांटिकला. सह्याद्रीच्या धारेवरचा पाऊस अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांत वाटला जातो, तसंच.

प्रोव्हाँसमध्ये ल्युबेरोंच्या पायथ्याशी कालाव्हों नदीकाठची वाट आहे. तिथला पाँ झ्युलियाँ हा रोमन पूल दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि २००५ पर्यंत त्यावरून मोटारी जायच्या. आता फक्त माणसं आणि सायकली. बोर्दोहून सोव्हतेर-द-गुयेनपर्यंत रोजे लापेबी यांच्या नावाची वाट आहे, ते १९३७ चे तूर द फ्रान्स विजेते. डोंगर नव्हेत, उंचसखल माळ. नॉर्मंडीतली ‘नॉर्मंडीचं स्वित्झर्लंड’ म्हणवणारी ओर्न नदीची दरी आणि व्होझच्या डोंगरांतल्या वाटाही चांगल्या आहेत असं ऐकते, पण मी तिथे गेलेली नाही.

दिवसाला किती किलोमीटर धरायचे?

सामान लादून, थांबत थांबत, ४० ते ५०. चढाच्या दिवशी ३० पुरेत. रेल्वेच्या वाटेचा चढ डोळ्यांना दिसत नाही. वाट सपाट भासते आणि तरी वेग पडत जातो. पहिल्या दिवशी मला वाटलं मागचा ब्रेक घासतोय. उतरून चाक उचलून फिरवलं, तर छान मोकळं फिरत होतं. चढ होता, एवढंच. या चढाला मधे उतार नसतो, त्यामुळे पाय सतत चालू राहतात. दर पाऊण तासाने थांबायचं आणि काहीतरी तोंडात टाकायचं. सँ-एतियेनचे पॉल द व्हिव्ही, ज्यांना सगळे ‘व्हेलोसिओ’ म्हणत आणि ज्यांना फ्रेंच सायकल पर्यटनाचं आद्य पुरुष मानतात, ते शंभर वर्षांपूर्वी सांगून गेले, की भुकेआधी खा आणि तहानेआधी प्या. ते याच डोंगरांच्या शेजारचे.

सायकल इथून न्यायची की तिकडे भाड्याने घ्यायची?

दहा-बारा दिवसांसाठी जाणार असाल तर भाड्याने. सायकल खोक्यात भरून विमानातून न्यायची, तिथे ते खोकं कुठे ठेवायचं आणि परतीला नवं कुठून आणायचं, या विवंचनेत सहलीचे दोन दिवस जातात. मार्गावरच्या मोठ्या गावांत सायकली मिळतात. उन्हाळी सुट्टीत आधी नोंदवून ठेवा आणि स्वतःची उंची सेंटीमीटरमध्ये कळवा.

घेताना मात्र भिडेखातर गप्प राहू नका. आम्ही आर्देशमध्ये एका दुकानातून घेतलेल्या सायकलीचे ब्रेक पॅड झिजलेले होते. चढताना काही कळलं नाही. परतीच्या उतारावर ब्रेक दाबला की धातूवर धातू घासल्याचा आवाज येऊ लागला आणि पुढचे दहा किलोमीटर मी पाय टेकत, जीव मुठीत धरून उतरले. म्हणून दुकानाच्या दारातच चाक फिरवून पाहा, दोन्ही ब्रेक करकचून दाबा, सगळे गिअर टाकून बघा. सामानाचं कॅरिअर, पंप, सुटी ट्यूब आणि कुलूप मागून घ्या.

टायर कसले हवेत?

बर्गंडीत कुठलेही चालतील. दोल्चे व्हिआवर बारीक खडी दाबून केलेली वाट आहे, तिथे ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे हवेत. शर्यतीच्या सायकलचे चिंचोळे टायर पाऊस झाल्यावर तिथे रुततात. पासापाइसवरही तसंच.

रेल्वेत सायकल नेता येते का?

प्रांतीय गाड्यांत, म्हणजे तेअरमध्ये, येते आणि बहुतेक ठिकाणी तिचं वेगळं तिकीट लागत नाही. काही प्रांतांत उन्हाळ्यात सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते. वेगवान तेजेव्हेत काही गाड्यांमध्ये पैसे भरून सायकलची जागा मिळते, नाहीतर सुटी करून पिशवीत घालावी लागते. भाड्याची सायकल घेणाऱ्याला हा प्रश्न फारसा येत नाही.

बर्गंडीसाठी पॅरिसहून माकों-लोशेला तेजेव्हे थांबते. दोल्चे व्हिआसाठी व्हालाँसला उतरा. ला व्हूल्तला प्रवासी गाडी येत नाही. ऱ्होनच्या पलीकडच्या तीरावर लिव्रोंला तेअर थांबते, नाहीतर व्हालाँसहूनच नदीकाठच्या व्हियाऱ्होना या सायकल मार्गाने सुमारे वीस किलोमीटर सपाटीवरून यायचं. आम्ही नदीकाठाने आलो आणि तेच बरं झालं. पाय मोकळे झाले आणि सायकलची सवयही झाली.

कधी जावं?

मे-जून आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये आर्देश आणि लाँगदोकमध्ये उन्हाचा तडाखा असतो, शिवाय फ्रेंच लोकांची स्वतःची सुट्टी. शरदात या दक्षिणेच्या डोंगरांवर भूमध्य समुद्राकडून येणारे ढग अडतात आणि एका दिवसात प्रचंड पाऊस कोसळतो. सप्टेंबरच्या मध्यानंतर जाणार असाल तर रोज सकाळी हवामान खात्याचा इशारा बघा. नारिंगी किंवा लाल असेल तर त्या दिवशी नदीच्या खोऱ्यात शिरू नका. ऑक्टोबरमध्ये चेस्टनट पडायला लागतात. वाटेवर काटेरी बोंडं असतात, तीही टायरखाली येतात.

व्हिसा?

नेहमीचा शेंगेन पर्यटन व्हिसा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. रोज मुक्काम बदलणार असल्यामुळे प्रत्येक रात्रीचं आरक्षण दाखवावं लागतं. रद्द करता येईल असंच करा आणि कुठल्या गावाहून कुठे हे एका कागदावर तक्ता करून जोडा.

राहायचं कुठे?

‘आकेय व्हेलो’ ही पाटी शोधा. सायकलवाल्यांचं स्वागत करणाऱ्या जागांसाठीची ही फ्रान्सभरची खूण आहे. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत जागा, सायकल ठेवायला बंदिस्त सोय, किरकोळ दुरुस्तीची हत्यारं, एवढं तिथे मिळतंच. घरगुती मुक्काम हवा तर शाँब्र द’ओत. रात्रीचं जेवण त्यांच्याच टेबलावर मिळणार असेल तर नक्की सांगून ठेवा, कारण खेड्यात दुसरीकडे कुठे मिळेलच असं नाही. स्वस्तात हवं असेल तर जीत द’एताप, म्हणजे वाटसरूंसाठीचं साधं मुक्कामघर, किंवा नगरपालिकेचं तंबूचं मैदान.

ल शेलारजवळ आम्ही ज्या घरी राहिलो, त्या आजींनी आमच्या सायकली रात्री त्यांच्या तळघरात जॅमच्या बरण्यांच्या फडताळाशेजारी उभ्या करून घेतल्या आणि सकाळी निघताना त्यातली एक बरणी माझ्या पिशवीत घातली. भाषेचे चार शब्द सोडले तर आमचं काहीच बोलणं झालं नव्हतं.

शाकाहारी माणसाचं काय?

निभतं, पण डोकं लावावं लागतं. ‘सॅलड’ मागवलं की त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे, लार्दों, हटकून असतात. ‘भाजीचं सूप’ मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. म्हणून ‘ज न माँज नी व्यांद नी प्वासों’, म्हणजे मी मांसही खात नाही आणि मासेही नाही, हे वाक्य पाठ करा आणि शेवटी ‘साँ लार्दों’ जोडा. मुक्कामाला आदल्या दिवशीच कळवलं तर लोक मनापासून करतात.

आर्देशमध्ये ‘क्रीक’ मिळते. कच्चा बटाटा किसून, लसूण-पार्सली घालून तव्यावर तेलात खरपूस भाजलेली. पहिला घास घेतला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो, उपासाचं बटाट्याचं थालीपीठच ते, जिरं-मिरची तेवढी नाही. काही जण त्यात अंडं घालतात, विचारून घ्या. सोबत पिकोदों हे बकरीच्या दुधाचं चपटं चीज. चेस्टनटचा गोड मोरांबा, ‘क्रेम द मारों’, पावावर लावून खाल्ला की चढाला बळ येतं. बर्गंडीत गूझेर हे चीजचे हलके फुगीर गोळे मिळतात, त्यातही अंडं असतं. कडक शाकाहारी असाल तर हेही माहीत असू द्या, की पारंपरिक फ्रेंच चीज बहुधा जनावरापासून मिळणाऱ्या रेनेटने विरजतात.

दुकानांच्या वेळा ही खरी अडचण. दुपारी बारा-साडेबारा ते दोन-तीन खेड्यातलं सगळं बंद. रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बरंच बंद. पाव, फळं आणि चीज सकाळीच घेऊन ठेवा. आम्ही मेतकूट आणि भाजलेले दाणे नेले होते. ताज्या पावावर लोणी आणि मेतकूट हे जेवण एकदा करून पाहाच.

वाटेत पाणी मिळतं का?

जुन्या स्टेशनांपाशी, गावच्या चौकात नळ असतात. ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं पाणी. ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते प्यायचं नाही. कुठेच काही नसेल तर फ्रेंच सायकलवाले स्मशानभूमीत जातात. प्रत्येक गावाला ती असतेच आणि फुलझाडांना पाणी घालायला नळ असतो. मला आधी फार अवघड वाटलं. एका आजोबांनी, कबरीवरची फुलं बदलता बदलता, हाताने नळाकडे खूण केली तेव्हा संकोच गेला. तिथेही पाटी वाचायचीच.

नियम कुठले पाळायचे?

उजवीकडून चालवायचं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी धोका होतो तो वाट जिथे गाडीरस्ता ओलांडते तिथे. आपल्याकडे जवळची गाडी उजवीकडून येते, तिथे डावीकडून येते. आधी डावीकडे बघा. आम्ही प्रत्येक फाट्यावर मोठ्याने ‘डावीकडे’ म्हणायची सवयच लावून घेतली.

या फाट्यांवर गाड्या आत घुसू नयेत म्हणून एकाआड एक लाकडी अडसर असतात. दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेली सायकल त्यातून नेमकी जात नाही. चालत्या सायकलवरून नेम धरून जायला गेलात तर पिशवीचा हूक तुटतो. माझा तुटला, आणि पुढचे तीन दिवस ती पिशवी परकराच्या नाडीने बांधलेली होती. उतरून ढकला.

बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. मोठ्यांना नाही, पण घालाच. घंटी आणि दिवे हवेत. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे. अंधारात गावाबाहेर चमकणारं जाकीट घालावं लागतं. व्वा व्हेर्तवर चालणाऱ्यांचा मान पहिला. मागून जाताना घंटी हलकेच वाजवायची, ‘बोंझूर’ म्हणायचं आणि वेग कमी करायचा.

ई-सायकल चालते का?

ताशी २५ किलोमीटरपर्यंत साथ देणारी, पायडल मारल्यावरच चालणारी सायकल चालते. त्याहून वेगवान ई-बाइकला तिथे मोपेड समजतात, तिला बंदी. गुडघ्याचं दुखणं असेल तर सँताग्रेव्हच्या चढासाठी ई-सायकल घ्यायला अजिबात लाजू नका. चार्जर सोबत आहे ना हे निघताना बघा.

फ्रेंच येत नाही. अडेल का?

इंग्रजी खेड्यात फारसं चालत नाही. पण दुकानात शिरताच आधी ‘बोंझूर’ म्हटलं की निम्मं काम होतं. ते न म्हणता थेट वस्तू मागितली तर माणसं तुटक वागतात, कारण त्यांच्या लेखी तो उद्धटपणा आहे. बाकी मोबाइलवरचं भाषांतर आणि बोटं पुरतात. अडीअडचणीला ११२ हा नंबर युरोपभर चालतो.

एकट्या बाईने जावं का?

माझी मावसबहीण पासापाइसवर एकटी गेली होती, तिला कुणाचा त्रास झाला नाही. वाटेवर सतत कुणी ना कुणी भेटतं, शाळकरी पोरं, फिरायला निघालेली जोडपी. दुपारच्या वेळी आणि मोसम सरल्यावर मात्र कित्येक किलोमीटर चिटपाखरू नसतं आणि दऱ्यांत मोबाइलला रेंज जाते. रोजचा मुक्काम घरी कळवून ठेवायचा आणि नकाशा आधीच उतरवून घ्यायचा, म्हणजे झालं.

परतीला आलो त्याच वाटेने यायचं म्हणजे कंटाळा नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जण विचारतात आणि मग सँताग्रेव्हहून बसने खाली यायचा बेत करतात. तसं करू नका. वर जाताना आपण वाटेकडे आणि पुढच्या चाकाकडे बघत असतो. खाली येताना मान वर असते. सकाळी नऊला आम्ही पठारावरून निघालो तेव्हा स्वेटर घालून होतो, बोटं गारठली होती आणि खालची दरी ढगांनी भरलेली होती. साठ-सत्तर किलोमीटर पायडलला जवळजवळ जोर द्यावा लागला नाही. पाइनचं रान संपून चेस्टनट लागले, चेस्टनट संपून फळबागा. दर तासाने एकेक कपडा उतरवत आलो. चढताना ज्या पुलांवर मी धापा टाकत उभी होते, ते आता ओळखीचे झाले होते. दुपारी ऱ्होनच्या काठी पोचलो तेव्हा ऊन कडकडीत होतं आणि मातीचा वास बदललेला होता. एका दिवसात तीन ऋतू बघायला मिळाले. तेवढे ब्रेक पॅड मात्र वरच तपासून निघा.